काल दिवसभर काय केलंस?

रजनी गेली हे मला कळलं तेव्हा मी रिकाम्या वर्गावर तास घेत होते. हे मी अलंकारिक लिहीत नाही. धायरीतल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तिथे बारावी सायन्सचा पट भरलेला असतो आणि वर्गात तीन-चार डोकी असतात, त्यातली दोन मोबाइलमध्ये. त्या दिवशी तेवढीही नव्हती. मुलं नसली तरी शिक्षकाने तास संपेपर्यंत वर्ग सोडायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून मी खुर्चीत बसून होते. फोन वाजला. रजनीच्या धाकट्या भावाचा, सुधीरचा. ‘शुभाताई, ताई गेली,’ एवढंच म्हणाला. मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही आणि हा लेख मी त्याच रागात लिहिते आहे, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं. ज्यांना गोड आठवणी हव्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

दहावी झालेली मुलं पुढे कुठे जातात, हे रजनी शोधत होती. ऐकायला सोपं वाटतं. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, चौकात गुणवंतांचे फ्लेक्स लागतात, त्यावर मुलांपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे असतात, आणि आठवड्याभरात सगळं शांत होतं. त्यानंतर त्या मुलांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. शाळा म्हणते आमचं काम संपलं, कॉलेज म्हणतं आमचं अजून सुरू व्हायचंय. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने रजनीला हा प्रकल्प दिला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, तेवढीच त्यांची फुकट जाहिरात. शहराच्या कडेकडेच्या शाळांमधली दहावीची मुलं निवडायची आणि ती कामाधंद्याला लागेपर्यंत दरवर्षी त्यांना गाठायचं, असं ते काम होतं. बाकीचे लोक फोन करून मोकळे होत. रजनी घरी जायची. मांजरीला, धायरीला, खडकीला, बसने, रिक्षाने, नाहीतर सरळ पायी. ‘फोनवर सगळ्यांचं बरं चाललेलं असतं गं,’ ती म्हणायची. ‘घरी गेलं की कळतं.’

आमची ओळख बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनची. ती खडकीच्या क्वार्टर्समधली, वडील दारूगोळा कारखान्यात कामाला. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली पुस्तकांची फळी होती, आणि खरकट्या हाताने त्या फळीला कोणी शिवलं तर आई धपाटा घालायची, मग ते पाहुण्याचं पोर का असेना. काका, म्हणजे तिचे वडील, पहिली पाळी संपवून आले की हातपाय धुऊन बसायचे आणि पोरांना एकेक करून विचारायचे, ‘सकाळी उठल्यापासून काय केलंस ते सांग.’ अभ्यास केला का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्याला हो म्हणणं फार सोपं असतं. उठल्यापासून क्रमाने सांगायला लागलं की थाप मारणारा दुपारपर्यंत सापडतो. मी त्यांच्या घरी एकदा लेक्चर बुडवून गेले होते, तेव्हा मलाही विचारलं आणि मीही सापडले. काका रागावले नाहीत. ‘चहा घे,’ म्हणाले.

एवढं सगळं घरात असून पहिल्या वर्षी रजनीने चूक केलीच. प्रश्नावली तिनेच केली होती आणि तिच्यात पहिला प्रश्न होता, ‘सध्या काय करतोस?’ आता आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर माणूस काय करतो हे नसतंच मुळी. प्रवेश कुठे घेतलाय, हे असतं. पाहुण्यांनी विचारा, शेजाऱ्यांनी विचारा, स्थळ घेऊन आलेल्यांनी विचारा, उत्तर ठरलेलं: अकरावी सायन्स. पोरगं दिवसभर गॅरेजमध्ये टायर काढत असलं तरी अकरावी सायन्स. त्यामुळे पहिल्या वर्षी झाडून सगळी मुलं कॉलेजात निघाली आणि संस्थेत आनंदीआनंद झाला. रजनीला मात्र चैन पडेना. मांजरीत एका घरी ती प्रश्न विचारत असताना आई म्हणाली होती, ‘आमचा सागर कॉलेजात हाय की, सायन्सला,’ आणि सागर त्याच वेळी दारात, पाठीवर जेवणाच्या पार्सलांची चौकोनी पेटी अडकवून गाडीला किक मारत होता. वय बसत नाही म्हणून काम मोठ्या भावाच्या नावावर. भर कॉलेजच्या वेळेला. आपण त्यात काही खोटं बोलतोय असं आईला वाटतच नव्हतं, कारण प्रवेश खरा होता. रजनीने वर्षभराचं काम बाजूला सारलं आणि वडिलांचा प्रश्न उचलला, एक दिवस मागे सरकवून. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस? तेवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

पुढच्या फेरीत सगळं चित्र पालटलं. मुलं काल काय केलं ते सांगत आणि त्या दिवसात कॉलेज कुठेच नसे. मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालणं असे, काकाच्या पंक्चरच्या दुकानात बसणं असे, नुसतं झोपून राहणं असे. ते ऐकून ती एक दिवस माझ्या वर्गात आली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी दोन मुलींना कविता शिकवली. तास संपल्यावर ती म्हणाली, ‘बाकीचे कुठे असतात गं?’ मी म्हटलं, ज्यांना परवडतं ते प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये असतात, क्लासवाल्यांचं आणि कॉलेजांचं जमलेलंच असतं, हजेरी आपोआप लागते. ‘आणि ज्यांना परवडत नाही ते?’ मी म्हटलं, ते सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस येतात, नवीन दप्तर घेऊन, पहिल्या बाकावर बसतात. मुलंच नाहीत म्हणून फिजिक्सचे सर शिकवत नाहीत, आणि सर शिकवत नाहीत म्हणून मुलं येत नाहीत, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येतं. मग तेही दिसेनासे होतात. ‘म्हणजे पैसेवाल्यांनी कॉलेज सोडलं,’ रजनी म्हणाली, ‘आणि बाकीच्यांना कॉलेजने सोडलं.’ तिला प्राचार्यांना भेटायचं होतं. प्राचार्यांनी चहा पाजला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘अहो मॅडम, पट टिकला नाही तर तुकडी जाईल. मग तुमच्या मैत्रिणीने काय करायचं?’ माझा पगार त्याच खोट्या पटावर चालतो. हे मी रोज सकाळी सही करताना आठवते, आणि आठवून सही करते.

आता एका मुलीबद्दल. मांजरीत ऊस तोडून उभ्या केलेल्या इमारतींच्या मागे तिचं घर आहे. वडील नाहीत. आई एका रोपवाटिकेत पिशव्या भरायला जाते. मुलगी दहावीला शाळेत पहिली आली होती, फ्लेक्सवर तिचाही चेहरा होता. अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा संस्थेने फोटोग्राफर पाठवला आणि कॉलेजच्या फाटकात, गळ्यात ओळखपत्र, छातीशी पुस्तकं, असा तिचा हसरा फोटो काढून घेतला. दुसऱ्या वर्षी रजनी तिच्याकडे गेली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आई घरातच होती. मुलगी म्हणाली, उठले, पाणी भरलं, डबा घेतला, कॉलेजात गेले... आणि थांबली. निघताना मुलगी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली आणि तिथे उरलेला दिवस सांगितला. शिकवायला कोणी नव्हतं, क्लास लावायची ऐपत नव्हती, अकरावीत नापास झाली होती. शाळेत पहिली आलेली मुलगी नापास झाली हे तिला घरी सांगता येईना. रोज सकाळी कॉलेजचं दप्तर पाठीला लावून ती निघत होती आणि शेजारच्या सोसायटीतल्या पाळणाघरात आयटीवाल्यांची मुलं सांभाळत होती. ‘मॅडम, आईला कळू देऊ नका,’ ती म्हणाली. ‘कॉलेज हाय म्हणून मामा गप हाय. कॉलेज न्हाई म्हणलं तर लगीनच लावून देतील.’

रजनीने तिला शब्द दिला. तू सांगशील तेव्हाच लिहीन, तोवर माझ्या तोंडून हे बाहेर पडणार नाही. आणि काही महिन्यांनी अहवालाचा मसुदा आला. गुळगुळीत कागद, वर ‘दहावीनंतरची यशस्वी वाटचाल’ असं नाव, आणि मुखपृष्ठावर तीच मुलगी. आत प्रवेशाचे आकडे होते, पहिल्या वर्षीच्या प्रश्नाने मिळालेले. काल काय केलं ते कुठेच नव्हतं. ते म्हणे ‘किस्से’ आहेत, आकडे नव्हेत. रजनी बैठकीत भांडली. कसं भांडली असेल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते, कारण तिचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. संचालक म्हणाले, ‘रजनीताई, तुमचं म्हणणं खरं असेलही. पण निदान एक मूल दाखवा, नाव घेऊन सांगा की हे पटावर आहे आणि कॉलेजात नाही. ही मुखपृष्ठावरची मुलगीच घ्या ना, बघा किती आनंदात आहे.’ ज्या मुलीचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, तिचाच फोटो समोर टेबलावर होता. रजनी गप्प बसली. ‘माझं नाव काढा,’ एवढंच म्हणाली. संस्थेत कुठलंही काम वेळेत होत नाही, पण हे त्याच दिवशी झालं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि सगळं सांगितलं. मी भडकले. म्हटलं, दोन वर्षांचं काम तू एका पोरीच्या भीतीपायी पाण्यात घातलंस. नाव बदलून सांगायचंस, गाव बदलून सांगायचंस. ती म्हणाली, ‘शुभा, फोटो तिचाच आहे. कितीही नाव बदललं तरी मांजरीत कळायला वेळ लागला नसता.’ मग म्हणाली, ‘काम माझं आहे, आयुष्य तिचं आहे. यात हिशोब कसला करायचा?’ मला तेव्हा तिचा राग आला होता. संस्थेचा जास्त आला होता, पण तिचाही आला होता, आणि ती आता नाही म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

तिचा राग मला आणखी एका गोष्टीसाठी येतो. शेवटची भेटली तेव्हा ती आमच्या जिन्यात दोनदा थांबली. कपाळाला घाम होता, डावा हात दाबत होती. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ‘अ‍ॅसिडिटी आहे गं, बाहेरचं खाणं होतं.’ मी म्हटलं, उद्याच चल, मी येते. ‘बारावीचा निकाल लागू दे. या वेळी मुलं सापडतात, निकालानंतर पांगतात.’ दुसऱ्यांच्या पोरांना उठल्यापासूनचा दिवस विचारत हिंडणाऱ्या बाईला स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायला एक सकाळ काढता आली नाही. संस्थेने प्रकल्प गुंडाळायला घेतला होता, प्रवासखर्च बंद केला होता, तरी ही आपली बसने हिंडत होती. लोक याला निष्ठा म्हणतात. मी मूर्खपणा म्हणते. ती असती तर तिच्या तोंडावर म्हटलं असतं, आता इथे म्हणते.

शोकसभा संस्थेच्या वातानुकूलित सभागृहात झाली. खडकीला घरी त्रिशरण-पंचशील झालं, तिथे बसायला जागा नव्हती, मुलं जिन्यात उभी होती. इथे खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. टेबलावर रजनीचा हार घातलेला फोटो, शेजारी समई, आणि समईला टेकवून तो अहवाल ठेवलेला. मुखपृष्ठावर मुलगी हसत होती, तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. संचालक म्हणाले, रजनीताई या अहवालाचा आत्मा होत्या. मला दोन मिनिटं बोलायला दिली होती. मी उठले, अहवाल उचलला, आतलं पान उघडलं आणि म्हटलं, ‘यात सगळ्यांची नावं आहेत, जेवण पुरवणाऱ्याचंसुद्धा आहे. आत्म्याचं कुठे आहे ते दाखवा.’ संचालक जागेवरूनच हळू आवाजात म्हणाले, ‘अहो, ही वेळ नाही.’ मी विचारलं, ‘मग कोणती?’ त्यावर समोरच्या रांगेतल्या कोणीतरी दोन मिनिटांचं मौन सुचवलं. पुण्यात माणसाला गप्प करायची ही सगळ्यात सभ्य रीत आहे. सगळे उभे राहिले. मी अहवाल हातात घेऊन बाहेर पडले.

तीन-चार आठवड्यांनी सुधीरचा फोन आला. ‘शुभाताई, ताईचा मोबाइल वाजत राहतो. तिच्या प्रकल्पातली मुलं असतात. मी दोघा-तिघांना सांगितलं, पण मला ते जमत नाही. आणि बंद करून टाकायलाही हात धजत नाही.’ मी खडकीला गेले. तिची खोली अजून कोणी आवरलेली नाही. खुंटीला कापडी पिशवी, दाराशी टाचेत एका बाजूने झिजलेल्या चपला, आणि खिडकीत चार्जरला लावलेला मोबाइल. सुधीर तो रोज रात्री चार्ज करतो. त्याची बायको म्हणाली, ‘बघा ना, समजावून थकले.’ मी तिथे बसले असतानाच तो वाजला. उचलला तर पलीकडे एक मुलगी, माझा ‘हॅलो’ पुरा व्हायच्या आत भरभर बोलायला लागली. ‘मॅडम, मी आईला सांगून टाकलं. परवाच. सतरा नंबरचा फॉर्म भरतीय, बाहेरून बारावी देणार, आर्ट्स. तुम्ही म्हणला व्हता ना, तू सांगशील तवाच लिहीन. आता लिवा.’

मी तिला थांबवलं आणि सांगितलं. मी रजनीची मैत्रीण बोलतेय, आणि मॅडम आता नाहीत. पलीकडून लहान मुलांचा गलका ऐकू येत होता, ती पाळणाघरातूनच बोलत असावी. काही सुचेना म्हणून मी विचारलं, आई काय म्हणाली? ‘आधी रडली,’ ती म्हणाली. ‘मग म्हणली, मी रोज डबा देत व्हते, तो कुठं बसून खात व्हतीस?’ आणि इथे ती स्वतः रडायला लागली. लग्नाचं विचारलं, तर मामा कुरकुर करतोय, पण आईने त्याला सांगितलंय, आधी बारावी. मी म्हटलं, तुझं म्हणणं मी संस्थेला कळवते. त्याच रात्री संचालकांना सविस्तर लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकल्प बंद झाला असून प्रकाशित अहवालात बदल करण्याची संस्थेची पद्धत नाही. आपल्या भावना समजू शकतो. माझ्या भावना त्यांना समजल्या असत्या तर त्यांनी उत्तर पाठवायचं धाडस केलं नसतं.

मी मुलीला परत फोन केला, रजनीच्याच मोबाइलवरून. तो आता माझ्याकडे असतो, सुधीरनेच दिला. ते छापणार नाहीत, असं तिला सांगितलं, आणि रजनीच्या त्या बैठकीत काय झालं तेही. ती म्हणाली, मग तुम्ही लिवा की, पेपरात. मी म्हटलं, अगं, नाव न घालता लिहिते. लोक नावं ठेवतील, तुला तिथेच राहायचंय. तिने जरा विचार केला. ‘मॅडमना तवा माझं नाव घेता आलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘माझ्यामुळंच. आता घाला.’ मी आईला विचारून घे म्हटलं. आईने फोन घेतला आणि म्हणाली, ‘घाला बाई. फोटू विचारून छापला व्हता का त्यांनी?’

तर संस्थेच्या अहवालात, शहरातल्या शाळांच्या ग्रंथालयांत आणि मंत्रालयातल्या कुठल्यातरी टेबलावर जी मुलगी पुस्तकं छातीशी धरून कॉलेजच्या फाटकात हसते आहे, तिचं नाव अश्विनी. ती कॉलेजात जात नाही. रजनीला हे माहीत होतं.